नवीन पार्टीला ऑटोमेशनचं कोटेशन द्यायच्या आधी काय काय बघून घ्यायचं

बेळगावात उद्यमबाग, मच्छे, होनगा किंवा तिकडं निपाणी-चिकोडीकडे ज्यांनी नुकतंच स्वतःचं ऑटोमेशनचं काम सुरू केलंय त्यांच्यासाठी हे लिहितोय. नोकरीत असताना प्रोग्रॅमिंग शिकता येतं, वायरिंग शिकता येतं, कमिशनिंगला (साइटवर मशीन चालू करून द्यायला) रात्र रात्र उभं राहून सगळं अंगवळणी पडतं, पण समोरची पार्टी कशी आहे हे ओळखायला कोणी शिकवत नाही, कारण नोकरीत ते काम मालकाचं किंवा सेल्सवाल्याचं असतं. स्वतःचं सुरू केलं की फोन येतो, "साहेब, एक पीएलसी पॅनल करायचंय, रेट सांगा की." (पीएलसी म्हणजे मशीन चालवणारा कंट्रोलर.) आपण खुश होऊन बसतो, आयओ लिस्ट म्हणजे इनपुट-आउटपुटची यादी काढतो, बीओएम म्हणजे लागणाऱ्या मालाची यादी करतो, डीलरच्या मागे लागून डिस्काउंट काढतो, छान पीडीएफ करून पाठवतो आणि मग तिकडून काहीच नाही, फोन केला तर "बघू, मालक बाहेर गेलेत".

नीट कोटेशन करायला दोन-तीन दिवस सहज जातात, शिवाय व्हिजिटचं पेट्रोल वेगळं. म्हणून माझी पद्धत अशी की आधी पार्टीचं आपण बघायचं, मग पार्टीने आपलं कोटेशन बघायचं. खाली जसं करतो तसं क्रमाने देतोय.

१. पहिल्या फोनवरच चाळणी लावा

रेट फोनवर सांगायचा नाही, अंदाजे पण नाही. तुम्ही तोंडातून एक आकडा काढला की तो कायमचा चिकटतो, नंतर मशीन बघून तिप्पट काम निघालं तरी "तुम्ही तर फोनवर एवढेच म्हणालात" हेच ऐकायला मिळतं. फोनवर फक्त प्रश्न विचारायचे:

- मशीन नवीन आहे की जुनं? जुनं असेल तर आत्ता चालू आहे का बंद पडलंय?
- आधी हे काम कोणी केलं होतं, आणि त्याला परत का नाही बोलवलं?
- कधीपर्यंत पाहिजे आणि त्या तारखेला काय आहे?
- आणखी कोणाकडून कोटेशन घेतलंय का?
- हे बँकेच्या लोनच्या फाइलसाठी पाहिजे का खरंच ऑर्डर द्यायचीय?

शेवटचा प्रश्न विचारायला लाज वाटते पण विचारा. बँकेला लावायला कोटेशन पाहिजे असणाऱ्या पार्ट्या खूप असतात आणि त्यात वाईट काही नाही, फक्त त्याला एका पानाचं बजेटरी (ढोबळ) कोटेशन पुरतं, दोन दिवस घालवायची गरज नसते.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात कामाचं. "तो फोन उचलत नाही" असं म्हणाले तर शक्य झालं तर त्या आधीच्या माणसाला गाठा. बेळगाव केवढं, चहाच्या टपरीवर चार लोकांना विचारलं की कोणी काम केलं ते कळतंच. बऱ्याच वेळा त्याची निम्मी रक्कम अजून अडकलेली असते. आणि जी पार्टी तिघांची नावं घेऊन तिघांनाही शिव्या घालते तिच्या लिस्टमध्ये चौथं नाव आपलं असणार हे धरून चला.

२. जीएसटी नंबर मागा आणि पाच मिनिटं पोर्टलवर बसा

व्हिजिटला निघायच्या आधी व्हॉट्सअपवर जीएसटी नंबर मागून घ्या, "गेट पास आणि रेकॉर्डसाठी पाहिजे" म्हटलं की कोणी नाही म्हणत नाही. जीएसटी पोर्टलवर लॉगिन न करता सर्च टॅक्सपेयरमध्ये टाकला की कायदेशीर नाव, रजिस्ट्रेशनची तारीख, अॅक्टिव्ह आहे की सस्पेंड का कॅन्सल, आणि रिटर्न कधी कधी भरलेत त्याचा तक्ता दिसतो. दर महिन्याला वेळेवर रिटर्न भरणारी पार्टी बहुतेक वेळा पैसे पण वेळेवर देते, चार-चार महिने रिटर्नच नाहीत तर कॅशची ओढाताण चाललीय असं समजा. प्रायव्हेट लिमिटेड असेल तर एमसीएच्या (कंपनी मंत्रालयाच्या) साइटवर डायरेक्टर कोण आणि बँकेचा बोजा किती तेही बघता येतं. प्रोप्रायटरशिपचं तिथं काही मिळत नाही, तिथं चहाची टपरीच.

आपल्याकडे आणखी एक भानगड म्हणजे बॉर्डर. पार्टी कर्नाटकातली असेल तर नंबर २९ ने सुरू होतो, महाराष्ट्रातली असेल तर २७ ने. कागल, गडहिंग्लज, हलकर्णी इथली कामं आपल्याला बेळगावातल्या कामासारखीच वाटतात, गाडी घेऊन तासा-दीड तासात पोचतो, पण बिल आयजीएसटीचं (दुसऱ्या राज्यात माल गेला की लागणाऱ्या जीएसटीचं) होतं आणि पॅनल नेताना माल ५० हजारांच्या वर असला की ई-वे बिल लागतं. काही पार्ट्यांचा प्लांट निपाणीला आणि हेड ऑफिस कोल्हापूरला असतं, मग पीओ (पर्चेस ऑर्डर) कुठल्या नंबरवरून येणार आणि माल कुठे उतरणार हे आधीच विचारा, नाही तर बिल करताना तुमचा सीए तुम्हालाच ओरडतो.

३. धंदा कुठला आणि सीझन कुठला

साखर कारखान्याचं काम असेल तर कॅलेंडर समोर घेऊन बोला. गळीत ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होतं, म्हणजे काम ऑफसीझनमध्येच करायचं, आणि इन्क्वायरी जर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आली तर पीएलसीची डिलिव्हरी, पॅनल बनवणं, साइट वायरिंग हे सगळं बॉयलर प्रदीपनाच्या आधी बसतं का ते बघा. बसत नसेल तर सरळ सांगा. सीझन चालू झाल्यावर मिल थांबवून कोणी तुम्हाला ट्रायल घेऊ देणार नाही आणि थांबली तर सगळा दोष पॅनलवर येतो. सहकारी कारखाना असेल तर खरेदीची मंजुरी संचालक मंडळापर्यंत जाते, चीफ इंजिनिअर कितीही "तुमचंच फायनल" म्हणाले तरी हातात कागद येईपर्यंत एक पण कॉन्टॅक्टर (पॅनलमधला स्विच) विकत घेऊ नका.

फाउंड्रीत सगळ्यात आधी वाळूची धूळ आणि इंडक्शन फर्नेस बघायची. फर्नेस ज्या ट्रान्सफॉर्मरवर आहे त्यावरच तुमचं पॅनल येणार असेल तर हार्मोनिक्सचा (फर्नेसमुळे सप्लायमध्ये होणाऱ्या गडबडीचा) त्रास गृहीत धरून आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर, शिल्डेड केबल, चांगला एसएमपीएस (डीसी पॉवर सप्लाय) हे कोटेशनमध्ये टाकावंच लागतं. नाही तर पीएलसी मध्येच रिसेट होतो आणि तुम्ही महिनाभर प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसता.

हायड्रॉलिक प्रेस, पॉवरपॅक, टेस्ट रिग बनवणारे आपल्याकडे खूप आहेत आणि नवीन माणसाला पहिली ऑर्डर बहुतेक त्यांच्याकडूनच मिळते. इथं गोष्ट वेगळी असते, मशीन ते चाकण नाही तर होसूरला विकणार, म्हणजे तुमचा खरा कस्टमर तिसराच कोणी तरी. विचारा की कमिशनिंगला तिकडं कोण जाणार, राहायचा-जेवायचा खर्च कोणाचा, आणि तुमचे पैसे त्यांच्या डिस्पॅचला बांधलेत का त्यांच्या कस्टमरच्या पेमेंटला. दुसरं असेल तर तुम्ही फुकटात त्यांना उधार देताय.

खानापूर-चंदगडकडचे काजूवाले, निपाणीचे तंबाखूवाले, ही छोटी कामं असतात पण मालक स्वतः समोर असतो, निर्णय तिथल्या तिथं होतो. नवीन असताना अशी कामं सोडू नका.

४. व्हिजिटला जाताना बॅगेत काय

मल्टिमीटर, क्लॅम्पमीटर, टॉर्च, टेस्टर, स्क्रूड्रायव्हरचा सेट, पॅनलची चावी (त्यांची नेहमी हरवलेली असते), लॅपटॉप आणि दोन-तीन प्रकारच्या प्रोग्रॅमिंग केबल, मेजरिंग टेप, सेफ्टी शूज. शूज नसतील तर मोठ्या कंपनीत गेटवरूनच परत पाठवतात. आणि जाड पुठ्ठ्याची वही, कारण मोबाईलवर टाइप करत राहिलात तर समोरच्याला वाटतं तुमचं लक्ष नाही. फोटो काढायच्या आधी परवानगी घ्या, एरोस्पेसच्या युनिटमध्ये तर फोन गेटवरच ठेवून घेतात.

५. आधी मशीन, मग ऑपरेटर, केबिन सगळ्यात शेवटी

गेल्या गेल्या मालक केबिनमध्ये बसवतो, चहा मागवतो, आणि त्याच्या डोक्यात जे मशीन आहे त्याचं वर्णन करतो. चहा घ्या, पण म्हणा "आधी मशीन दाखवा, मग बोलू". केबिनमधलं मशीन आणि शेडमधलं मशीन ही दोन वेगळी मशीनं असतात.

शेडमध्ये गेल्यावर लगेच पॅनल उघडायचं नाही. बाजूला उभं राहून चार-पाच सायकल बघायच्या. ऑपरेटर कुठे हात लावतो, कुठे वाट बघतो, कुठे हातोडी मारतो. हातोडी मारत असेल तर तो मेकॅनिकलचा विषय आहे, गाइड झिजलेत किंवा सिलिंडरला एअर येत नाहीये, आणि त्यावर सर्वो लावा नाही तर आणखी काही लावा, फरक पडणार नाही. आपल्या धंद्यात फसलेली निम्मी कामं अशी असतात, मेकॅनिकलला खर्च करायचा नसतो म्हणून ऑटोमेशनवाल्याला बोलावलेलं असतं.

मग सेन्सर बघा, एकेक करून. एका ठिकाणी मी बघितलं, प्रॉक्झिमिटी सेन्सरच्या (जवळ लोखंड आलं की सिग्नल देणाऱ्या) तोंडासमोर फ्लॅट बारचा तुकडा बाइंडिंग वायरने आवळून बांधलेला, वर ग्रीसचा थर, म्हणजे किती तरी महिने तो तसाच आहे, सेन्सरचा दिवा कायम पेटलेला, जॉब असो नाही तर नसो. मालक तोपर्यंत सांगत होते की सगळे इंटरलॉक (अट पुरी झाल्याशिवाय मशीन पुढे न जाऊ देणारी सोय) चालू आहेत. असं दिसलं की रागवायचं नाही, ऑपरेटरला विचारायचं की हे का बांधलं. उत्तर नेहमी खरं असतं: "तो सेन्सर वाळूने खोटा सिग्नल देतोय, लाइन थांबली की सुपरवायझर ओरडतोय." झालं, तुमच्या स्कोपमधला एक मोठा मुद्दा फुकट मिळाला, तिथं सेन्सर बदलायचा नाहीये, सेन्सरची जागा बदलायचीय.

ऑपरेटरशी बोलताना भाषा त्याची. "एन्री अण्णा" म्हणून सुरुवात केली की गोकाक-अथणीकडचा माणूस लगेच मोकळा होतो, फाउंड्रीत बिहार-ओडिशाची पोरं असतील तर हिंदी. आणि इथंच विचारून ठेवा की एचएमआयवर (मशीनच्या स्क्रीनवर) मजकूर कुठल्या भाषेत पाहिजे. कन्नड पाहिजे म्हणाले तर तुम्ही जो एचएमआय देणार त्यात कन्नड फॉन्ट नीट उमटतात का, जोडाक्षरं तुटत नाहीत ना, हे कोटेशनच्या आधी टेबलवर लावून बघायचं, कारण सगळ्या स्वस्त मॉडेलमध्ये ते होत नाही आणि नंतर महागडं मॉडेल आपल्या खिशातून जातं.

मेंटेनन्सच्या जुन्या माणसाला वेगळं गाठा. प्रत्येक कंपनीत एक मामा असतात, त्यांना सगळं माहीत असतं, कुठली केबल कुठून गेली, कुठला कॉन्टॅक्टर कधी जळला, आणि मालकाने आधीच्या ऑटोमेशनवाल्याचे पैसे का थांबवले. मामांना तुमचं काम नको असेल, म्हणजे त्यांना वाटत असेल की हे आलं की माझी गरज संपली, तर कमिशनिंगला त्रास होणार. ते पण पाहून घ्या आणि किंमत करताना ट्रेनिंगचे दिवस वाढवा.

६. आता पॅनल उघडा

सप्लाय कुठून येतो ते विचारून, मग. मेन म्हणजे हे बघा: वायरला फेरूल नंबर (टोकावरचे नंबर) आहेत का, ड्रॉइंग पॅनलच्या खिशात आहे का, आणि ते ड्रॉइंग आत्ताच्या वायरिंगशी जुळतं का. तीनही उत्तरं नाही असतील तर नुसतं वायर ट्रेसिंग हा वेगळा चार्ज. न्यूट्रल आणि अर्थमध्ये व्होल्टेज मोजा, दोन-तीन व्होल्टच्या वर दाखवत असेल तर अर्थिंग आधी सुधारा असं कोटेशनमध्ये लिहूनच टाका, पार्टीच्या स्कोपमध्ये.

मग पीएलसी कुठला ते बघा आणि मॉडेल नंबरचा फोटो घ्या. सीमेन्सचा एस-सेव्हन ३०० असेल तर तो कंपनीने २०२३ पासून फेजआउटला टाकलाय, त्यावर नवीन मॉड्यूल वाढवायचं काम घेताना दहा वेळा विचार करा, अपग्रेडचा पर्याय पण सोबत द्या. स्काडाचा (मशीनवर लक्ष ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरचा) पीसी विंडोज ७ वर असेल (अजून भरपूर आहेत) तर नवीन सॉफ्टवेअर त्यावर चालणार का ते आधी बघा, विंडोज १० चा पण सपोर्ट ऑक्टोबर २०२५ ला संपला.

आणि प्रोग्रॅमचा बॅकअप. हा सगळ्यात मोठा सापळा आहे. "छोटासाच बदल करायचाय" म्हणून बोलावतात, लॅपटॉप लावला की पासवर्ड मागतो, आणि पासवर्ड आधीच्या ऑटोमेशनवाल्याकडे, ज्याचे पैसे बाकी आहेत. पासवर्ड तोडून द्या म्हणतील. त्या भांडणात पडू नका. दोनच रस्ते, एक तर आधीच्याशी मिटवून पासवर्ड आणा, नाही तर सगळा प्रोग्रॅम नव्याने लिहायचा आणि त्याचे पूर्ण पैसे.

सेफ्टी बायपास करून द्या म्हणाले, प्रेसचं दोन हातांचं बटण एका हाताचं करा, लाइट कर्टन (हात मध्ये आला की मशीन थांबवणारा प्रकाशाचा पडदा) काढा, तर बॅग उचलायची आणि निघायचं. इथं रेटची चर्चा पण करायची नाही.

७. सही कोणाची, पैसे कोणाचे

ज्याने बोलावलं तो, ज्याला मशीन पाहिजे तो, ज्याने सही करायची तो आणि ज्याने पेमेंट सोडायचं तो, हे चार वेगळे लोक असू शकतात. छोट्या युनिटमध्ये एकच मालक असतो, पण तिथंही वडील आणि मुलगा असं असतं, मुलगा पुण्याहून इंजिनिअरिंग करून आलेला, त्याला सगळं पाहिजे, स्काडा पाहिजे, मोबाईलवर डॅशबोर्ड पाहिजे, आणि काकांना, म्हणजे त्याच्या वडिलांना, विचारलं तर "हाय ते चाललंय की, कशाला पाहिजे?" मुलाच्या उत्साहावर सविस्तर कोटेशन करू नका, एकदा काकांबरोबर बसा. काकांना रिजेक्शन किती कमी होणार, माणूस किती वाचणार एवढंच सांगा, डॅशबोर्डचं नाव पण काढू नका.

बजेट थेट विचारलं तर कोणी सांगत नाही. मी असं विचारतो, "हे मशीन एक दिवस बंद पडलं तर किती नुकसान होतंय?" आकडा पटकन आला तर त्या माणसाला दुखणं खरंच आहे आणि तो खर्च करणार. "तसं काय विशेष नाही" म्हणाले तर कितीही कमी कोट करा, ऑर्डर येणार नाही. दुसरी युक्ती म्हणजे दोन ढोबळ पर्याय तोंडी सांगायचे, रिले लॉजिक आणि छोटा पीएलसी एवढंच, नाही तर पूर्ण एचएमआय-स्काडासकट, आणि तोंड बघायचं. इथं पण आकडा नाही हं.

८. कोटेशनच्या आधी पार्टीकडून लेखी घ्यायच्या गोष्टी

- मशीन काय करतं आणि काय करायला पाहिजे, त्यांच्या शब्दात, एक पान चालेल
- इनपुट-आउटपुटची यादी, नसेल तर आपण करून त्यांची सही घ्यायची
- जुनं इलेक्ट्रिकल आणि हायड्रॉलिक ड्रॉइंग, असेल ते
- पीएलसी, एचएमआय, ड्राइव्हचा कुठला मेक पाहिजे किंवा नको
- सायकल टाइम किती पाहिजे, आकड्यात
- शटडाउन किती दिवस मिळणार आणि कधी
- केबल टाकणं, ट्रे, सिव्हिल, हवेची लाइन कोणाच्या स्कोपमध्ये
- काम झालं असं कधी मानायचं, म्हणजे किती तास सलग चाललं की हँडओव्हर

शेवटचा मुद्दा राहिला तर काम कधीच संपत नाही, रोज एक "एवढंच करून द्या" येत राहतं. ही यादी पाठवल्यावर पार्टी चार दिवसांत काही तरी भरून पाठवते का ते बघायचं. ज्याला गरज आहे तो चुकत-माकत का होईना भरतो. जो "तुम्हीच काय ते टाका की, रेट तेवढा पाठवा" म्हणतो तो तुमचं कोटेशन घेऊन दुसऱ्याचा रेट पाडणार.

यादी भरून आली नाही तरी काम मोठं दिसत असेल तर स्टडीचे पैसे मागा. दोन दिवस साइटवर बसून आयओ लिस्ट आणि स्कोप करून देतो, एवढे पैसे, ऑर्डर दिली तर त्यातून वजा करतो. बरेच जण नाही म्हणतात. पण जे देतात ते नंतर पेमेंटला कधी छळत नाहीत असा माझा अनुभव आहे.

९. पेमेंटचं बोलणं आधीच

माझं साधं आहे: ऑर्डरबरोबर ४० टक्के, पॅनल तयार झालं की आमच्या शेडमध्ये ट्रायल दाखवून डिस्पॅचच्या आधी ५०, कमिशनिंगनंतर १०. जीएसटी १८ टक्के वेगळा, हे "वेगळा" मोठ्या अक्षरात लिहा. मोठ्या कंपन्या आगाऊ देत नाहीत, ३०-६० दिवसांची क्रेडिट सांगतात, तेव्हा तुमच्याकडे तेवढं खेळतं भांडवल आहे का ते स्वतःला विचारा, पार्टी चांगली असून पण माणूस बुडतो.

उद्यम रजिस्ट्रेशन पहिलं काम घ्यायच्या आधी करून ठेवा, फुकट आहे. २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार सूक्ष्म किंवा लघु उद्योगाला लेखी कराराने पण ४५ दिवसांच्या पुढे थांबवता येत नाही, करार नसेल तर १५ दिवस, त्यानंतर बँक रेटच्या तिप्पट व्याज लागतं. इन्कम टॅक्समध्ये पण २०२४-२५ असेसमेंट वर्षापासून असे थकवलेले पैसे त्या वर्षी खर्चात धरू देत नाहीत, त्यामुळे मार्च जवळ आला की त्यांचा अकाउंटंट स्वतः फोन करतो. बिलावर उद्यम नंबर छापा. पहिल्या भेटीत मात्र कायदा काढून बसू नका, पार्टी बिचकते.

आणखी एक, कोटेशनची मुदत १५ दिवसांपेक्षा जास्त ठेवू नका, केबलचा आणि पीएलसीचा रेट कधी बदलेल सांगता येत नाही. गणपतीच्या आधी दिलेलं कोटेशन घेऊन संक्रांतीला पीओ पाठवणाऱ्या पार्ट्या आहेत, त्यांना नवीन तारीख टाकून नवीन रेटने परत पाठवायचं, बस.